सगळं ±२ एसडीच्या आत, तरीही चूक होती

आमच्या लॅबमध्ये ग्लुकोजचा कंट्रोल, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय का हे पाहायला रोज लावायचा ठरलेला नमुना. त्याचा मीन (सरासरी) ९८, एसडी (आकड्यांचा नेहमीचा फैलाव) २. रोजचे आकडे ९९, १००, १०१, पुन्हा १००. मर्यादा ±२ एसडी, म्हणजे ९४ ते १०२, म्हणून आम्ही रोज 'ओके' लिहून रिपोर्ट सोडत होतो. एका सकाळी लेव्ही-जेनिंग्ज चार्ट (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांचा ठिपक्यांचा आलेख) नीट पाहिला आणि पोटात गोळा आला. सलग दहा ठिपके मीनच्या वर. कंट्रोलच्या आकड्यांवरून चूक ओळखायच्या वेस्टगार्ड नियमांत याला '१०-एक्स' म्हणतात. दुसऱ्या लेव्हलचा (वेगळ्या ग्लुकोज-पातळीचा) कंट्रोलही वरच सरकलेला.

कंट्रोलची नवी बाटली फोडून पुन्हा लावायचा मोह होतोच. पण त्याने काही कळत नाही. दोन्ही लेव्हल एकाच दिशेला गेल्या, की संशय कॅलिब्रेशनवर, म्हणजे यंत्राचं मोजमाप जुळवण्यावर, घ्यावा. नोंदवही चाळली. सरकणं सुरू झालं ते नवा कॅलिब्रेटर (ज्याच्या ठरलेल्या मूल्यावर यंत्र जुळवतात तो) पाण्यात विरघळवला त्याच दिवसापासून.

मग ते पाणी मोजून घेतलेलं पिपेट तपासलं. ५ मिली डिस्टिल्ड वॉटर तराजूवर तोललं, तर ५.१ ग्रॅम भरलं. तीन वेळा तेच. पाणी दोन टक्के जास्त, म्हणून कॅलिब्रेटर तेवढा पातळ आणि प्रत्येक रुग्णाची साखर साधारण दोन टक्के जास्त! उपाशीपोटी १२५ आणि १२६ यांत मधुमेहाच्या निदानाचा फरक पडतो, हे आठवून फार वाईट वाटलं.

ते पिपेट बाजूला काढलं, व्हॉल्युमेट्रिक पिपेटने नवा कॅलिब्रेटर बनवला, कॅलिब्रेशन केलं. कंट्रोल ९८, ९७, ९९. राखून ठेवलेले, सीमारेषेवरचे नमुने पुन्हा लावले आणि डॉक्टरांना कळवलं.