लेपर्ड गेको पाळायचाय? आधी घर तापवा, मग पाल आणा

व्हिडिओ कॉलवर आईला पहिल्यांदा बुंदी (आमचा लेपर्ड गेको) दाखवली तेव्हा ती मिरजेतून म्हणाली, "अगं, पाल पाळलीस? आम्ही इथे झाडू घेऊन मागे लागतो आणि तू पैसे मोजून आणलीस?" आता यावर काय बोलणार. पालच आहे ती. पण ट्यूबलाइटमागे बसते त्यातली नाही. लेपर्ड गेकोच्या पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसतात त्यामुळे भिंतीवर, काचेवर चढत नाही, जमिनीवरच फिरतो, आणि त्याला चक्क पापण्या असतात. युब्लेफॅरिस हे शास्त्रीय नावच त्या पापण्यांवरून पडलंय. झोपला की डोळे मिटून झोपतो, आणि घरातल्या पालीसारखा चुकचुकत तर नाही, त्यामुळे घरात कोणी काही बोललं की "बघ, खरं आहे" असली साक्ष याच्याकडून मिळणार नाही.

मूळचा हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या खडकाळ भागातला. १८५४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने पंजाबातल्या (आता पाकिस्तानात) सॉल्ट रेंज या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. याची एक चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्येही सापडते, आणि गावाकडे लोक तिला विषारी समजून ठेचतात. विषारी नसते ती, तिला मारू नका आणि हे वाचून हौस आली म्हणून रानातून उचलून घरीही आणू नका. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, इथे दुकानात मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेले, मी जे सांगतेय ते त्यांच्याबद्दल.

आणि हो, आणायच्या आधी एक हिशोब करा. नीट सांभाळला तर हा १५-२० वर्षं जगतो. माझी मुलगी आत्ता नऊ वर्षांची आहे म्हणजे ती युनिव्हर्सिटीत जाईल, नोकरीला लागेल आणि याच्या खाण्याचे रातकिडे आणायला मीच जाणार, हे मी आधीच मान्य करून टाकलंय.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक उलटं करतात, दुकानात जातात, पोरगी हट्ट करते, गेको घेतात आणि मग त्याच दिवशी रात्री नऊ वाजता पेटी जोडत बसतात. तसं नका करू. पेटी आधी, गेको निदान आठवडाभर नंतर. रिकामी पेटी चालू ठेवून तापमान बसवायचं. कारण या प्राण्याचं सगळं उबेवर चालतं, तो थंड रक्ताचा, पोटातली चूल बाहेरून पेटवावी लागते, ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, मग खाणं बंद, मग शेपटी (चरबी तिथेच साठते) बारीक, आणि मग आपण विचारत फिरतो की याला झालंय काय.

पेटी एका मोठ्या गेकोला साधारण ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच घ्या. इथे पुढे सरकत्या काचा असलेली लाकडी मिळते तिला व्हिवेरियम म्हणतात, थंडीच्या देशात लाकडीच बरी, ऊब धरून ठेवते. छोटी घेऊन नंतर बदलू असं दुकानदार सांगतो, त्यात त्याची दोनदा विक्री होते, तुमचं काही भलं होत नाही. आमचा गेको पन्नास पौंडाला पडला आणि त्याचं घर तीनशेच्या आसपास, हे नवऱ्याला मी अजून एका दमात सांगितलेलं नाही.

एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तो स्वतःच इकडून तिकडे जाऊन आपलं तापमान सांभाळतो, आपण फक्त सोय करायची. गरम टोकाला वरून हॅलोजन बल्ब, त्याच्याभोवती जाळी, खाली सपाट दगड किंवा स्लेटची फरशी. फरशीचा पृष्ठभाग ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, त्या बाजूच्या गुहेत ३१-३२, आणि गार टोक २२ ते २५. बल्ब थर्मोस्टॅटवर (तापमान ठरल्या आकड्यावर ठेवणारं यंत्र) हवाच, तोही डिमिंग म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या प्रकारचा, साधा चालू-बंद होणारा लावला तर बल्ब दिवसभर लुकलुकत राहतो. खालून हीट मॅट (तापणारी चटई) लावणार असाल तर तिलाही थर्मोस्टॅट लागतो आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, बरोबर मॅटच्या वर, गेको पोट टेकतो तिथे ठेवायचा.

हे मी एवढं ताणून सांगतेय कारण आम्हाला दुकानात सांगितलं होतं की मॅट आपोआप योग्य तापते, थर्मोस्टॅटची गरज नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणून मी चाळीस रुपयांची वस्तू मॉलमध्ये तपासून घेणाऱ्या माझ्या आईची आठवण काढत एक टेम्परेचर गन मागवली आणि रिकाम्या पेटीत मोजलं तर फरशी ४४ अंशांवर गेलेली! बुंदी त्यात असती तर पोट भाजलं असतं, कारण यांना खालून चटका बसतोय हे आपल्यासारखं पटकन कळत नाही. काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे थर्मामीटर पण कामाचे नाहीत, ते हवेचं काहीतरी सांगतात. गन घ्या.

रात्री दिवे बंद. तापमान १८-२० पर्यंत उतरलं तर उतरू द्या, त्याच्या मूळ मुलखातही रात्री गारच असतात. त्याखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावायचा. लाल बल्ब विकत घेऊ नका, गरज नाही. दिवसा कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब असली तर चांगलं, हे प्राणी संधिप्रकाशातले, तरी अंगात डी३ व्हिटॅमिन तयार करायला थोडी यूव्हीबी उपयोगी पडते, फक्त अल्बिनो (काळं रंगद्रव्य नसलेल्या) प्रकारचा गेको असेल तर त्याला उजेड सोसत नाही, त्याला सावली जास्त द्या. ट्यूब जळली नाही तरी साधारण वर्षाने बदलायची.

लपायला तीन जागा लागतात. एक गरम बाजूला, एक गार बाजूला आणि मधे एक दमट. दमट म्हणजे झाकणाचा प्लॅस्टिक डबा, त्याला दार कापायचं, कडा घासून घ्यायच्या, आत ओलं मॉस नाहीतर ओला किचन रोल. श्रीखंडाचा एक किलोचा डबा यासाठी अगदी मापात बसतो, आमच्याकडे तोच आहे. बाकी पेटी कोरडी, ३०-४० टक्के आर्द्रता पुरे.

खाली काय पसरायचं यावर लोक भांडतात. पहिले दोन-तीन महिने आणि पिल्लू असेल तर मोठं होईपर्यंत किचन रोल, दिसायला भिकार पण शी कशी होतेय ते लगेच कळतं. नंतर माती आणि बारीक वाळू साधारण ७०-३० मिसळून घातली तरी चालते. कॅल्शियमची रंगीत वाळू मात्र नको, पिल्लं ती चाटतात आणि आतडी तुंबतात. याची एक चांगली सवय म्हणजे पेटीतला एकच कोपरा ठरवून तिथेच जातो, तेवढा रोज साफ केला की झालं.

खाणं. गेको शाकाहारी होत नाही, आमच्या सासूबाईंनी मंगळवारी विचारून बघितलं होतं. फळ नाही, भाजी नाही, फक्त जिवंत किडे. रातकिडे, टोळ, डुबिया जातीची झुरळं, मीलवर्म नावाच्या अळ्या. आकार त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. पिल्लाला रोज, सहा-सात महिन्यांनंतर दिवसाआड, वर्षाच्या पुढे आठवड्यातून दोन-तीनदा. वॅक्सवर्म ही अळी म्हणजे त्यांचा गुलाबजाम, महिन्यातून एखादा दिला तर ठीक, सवय लागली की बाकी ताटाकडे बघत नाही. बागेतले किडे पकडून देऊ नका, औषध मारलेलं असतं, आणि काजवे तर विषारीच.

किड्यांना आधी एक-दोन दिवस चांगलं खायला घालायचं, गाजर, रताळं, केल ही पालेभाजी, ओट्स, कारण त्यांच्या पोटात जे असेल ते शेवटी याच्या पोटात जातं. मग डब्यात कॅल्शियमची पावडर टाकून किडे हलवायचे, करंजीवर पिठीसाखर भुरभुरवतो तसं पांढरं दिसेल एवढं. हे काम माझी मुलगी करते, मी डोळे मिटून बाजूला उभी असते. आमचं गणित असं की बहुतेक वेळा साधं कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा डी३ असलेलं मल्टीव्हिटॅमिन, पण डब्यावरचं प्रमाण वाचा, डी३ जास्त झालं तरी बाधतं. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा लिबलिबीत होतो, थरथर सुटते, आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. रात्री उरलेले रातकिडे पेटीत सोडू नका, झोपलेल्या गेकोला चावतात. पाण्याची उथळ वाटी रोज धुवून भरायची.

कात दर चार-सहा आठवड्यांनी टाकतो. आधी अंग फिकट, दुधाळ दिसतं, मग सगळी कात ओढून काढतो आणि स्वतःच खाऊन टाकतो. आपण फक्त बोटं आणि शेपटीचं टोक बघायचं. बोटावर कातीची अंगठी राहिली की ती आवळत जाते आणि बोट गळून पडतं. राहिलीच तर कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत दहा-पंधरा मिनिटं उभं करून ओल्या कापसाच्या बडने हळू सोडवायची, खेचायची नाही.

आणल्यावर पहिले दोन आठवडे हात लावू नका, मुलांना हे सगळ्यात जड जातं. मग हात आत ठेवून नुसतं बसायचं, त्याला स्वतः चढू द्यायचं. वरून झडप घातली तर घारच वाटते त्याला. शेपटीला कधीच धरू नका, घाबरला तर तोडून टाकतो. नवी येते पण बुटकी, सलगमसारखी. शेपटी हळू नागासारखी हलवत असेल तर "लांब राहा", आणि शिकार बघून टोक भराभर थरथरवत असेल तर ती खुशी. हाताळल्यानंतर हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, आणि ती पाण्याची वाटी किचनच्या सिंकमध्ये नको.

दोन आणू का, एकट्याला कंटाळा येईल, हे सगळे विचारतात. नका आणू, त्याला सोबत लागत नाही. आम्हाला "दोन बहिणी आहेत, जोडी न्या" असा आग्रह झाला होता. सहा महिन्यांनी बुंदीच्या मागच्या पायांमध्ये व्ही आकारात छिद्रांची ओळ दिसायला लागली, म्हणजे बुंदी ती नसून तो होता. दुसरी आणली असती तर एकतर अंडी किंवा रक्त, दोन्हीपैकी काहीतरी बघायला मिळालं असतं. गंमत म्हणजे यांचं नर-मादी ठरतं अंडं किती अंशांवर उबतं त्यावर, २६-२८ला बहुतेक माद्या आणि ३२-३३च्या आसपास बहुतेक नर.

रंगाला भुलू नका हे पण सांगते. एनिग्मा नावाच्या प्रकारात डोकं कलणं, गोल गोल फिरणं असे मेंदूचे त्रास येतात, आणि लेमन फ्रॉस्ट हा सुंदर पिवळा प्रकार तर गाठी घेऊनच येतो, २०२१ मध्ये त्यामागचा जनुक संशोधकांनी शोधला. साधा ठिपक्यांचा घ्या. घेताना शेपटी जाड, डोळे उघडे नि स्वच्छ, चाल पोट उचलून आहे का बघा. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. जेवतोय पण शेपटी काडीसारखी होतेय असं दिसलं तर थांबायचं नाही, शी चाचणीसाठी घेऊन सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जायचं, आणि असा व्हेट जवळपास कुठे आहे ते आजारपणाच्या आधी शोधून ठेवा, मांजर-कुत्रेवाल्यांपैकी बरेच जण याला बघत नाहीत.

राहिला प्रश्न सुट्टीत भारतात जाण्याचा. तगडा मोठा गेको शेपटीतल्या चरबीवर चार-पाच दिवस खाण्याविना आरामात काढतो, पण चार आठवडे नाही. आम्ही शेजारच्या गुजराती भाभींना किल्ली देतो. त्यांना किडे बघवत नाहीत म्हणून त्यांचा मुलगा येतो, दिवे टायमरवर असतात, फ्रिजवर कागद, कुठल्या वारी किती टोळ, वाटी कधी धुवायची, गनवर आकडा किती दिसला पाहिजे. मागच्या वेळी त्या कागदावर एक ओळ लिहायची राहिली, रातकिड्यांच्या डब्याचं झाकण नीट दाबा. परत आलो तर बुंदी ठणठणीत, आणि देवघरामागून रात्रभर किर्र आवाज. आठ दिवस लागले त्याला पकडायला.