रिकामी प्लास्टिक बाटली रिसायकलिंगला कशी द्यायची, एकेक स्टेप नीट समजून

पाणी किंवा कोल्ड्रिंक संपलं की बाटली हातातून सुटेपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट जातो, पण तिची परत बाटली होणार की नाही हे बऱ्यापैकी त्याच अर्ध्या मिनिटात ठरतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

स्टेप १ : बूड बघा

बाटली उलटी करा, बुडाला छोटा त्रिकोण आणि आत एक आकडा असतो. १ असेल तर ते पीईटी, म्हणजे पेट, आणि पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या जवळजवळ सगळ्या याच्याच असतात. एक गैरसमज खूप आहे, की त्रिकोण दिसला म्हणजे वस्तू रिसायकल होणारच. तसं नाहीये, तो आकडा फक्त प्लास्टिक कुठलं आहे एवढंच सांगतो, पुढे ते कोणी घेतं का हे तुमच्याकडे कचरा गोळा करणाऱ्यांनाच विचारावं लागतं. पेटच्या बाटलीला मात्र बहुतेक ठिकाणी मागणी असते.

स्टेप २ : पूर्ण रिकामी करा

तळाला उरलेले दोन घोट पण ओतून टाका. मोठ्या सॉर्टिंग सेंटरमध्ये पट्ट्यावरून कचरा पळत असतो, मशीन इन्फ्रारेड प्रकाशाने प्लास्टिक ओळखतं आणि हवेचा झोत मारून बाटली बाजूला उडवतं. आता पाव भरलेली बाटली त्या झोताने उडणार कशी, ती सरळ पुढे निघून जाते आणि शेवटी नको त्या ढिगात पडते. शिवाय गोड पेय सांडलं की शेजारचा चांगला कागद भिजतो आणि तोही वाया जातो. गोड काही असेल तर थोडं पाणी घालून एकदा हलवा, बास, भांडी विसळलेलं पाणी चालतं, साबण लावून घासत बसू नका कारण प्लांटमध्ये तिचे तुकडे करून ते गरम पाण्यात कॉस्टिक सोड्याने धुतातच.

स्टेप ३ : लेबल

मधोमध गुंडाळलेली छोटी पट्टी असेल तर राहू द्या. पण काही बाटल्यांना मानेपासून बुडापर्यंत घट्ट प्लास्टिकचं आवरण असतं, ते मात्र फाडून काढा. मशीनला बाटलीच्या ऐवजी ते आवरणच दिसतं, आणि ते जर पीव्हीसी नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचं असेल तर त्रास फार मोठा. झाकणाचं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं म्हणून वेगळं काढता येतं (हे खाली सांगतो), पण पीव्हीसी पेटसारखंच जड असल्याने त्याच्यासोबत बुडतं. पुढे पेट वितळवायला २५० अंश सेल्सियसच्या वर तापवतात, त्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही, त्यातून ॲसिड सुटतं आणि सगळा माल पिवळा आणि कमजोर होतो. अगदी थोडं पीव्हीसी सुद्धा पुरतं.

स्टेप ४ : दाबा आणि झाकण परत लावा

मी स्वतः कित्येक वर्षं झाकणं वेगळी काढून टाकायचो, पूर्वी सल्लाही तोच असायचा. आता बऱ्याच ठिकाणी झाकण लावूनच द्या म्हणतात, आणि कारण कळलं तेव्हा मला ते एकदम पटलं. सुटं झाकण इतकं लहान असतं की सॉर्टिंगच्या चाळणीतून खाली पडून हरवतं, बाटलीला लावलेलं असलं तर तिच्यासोबत प्लांटपर्यंत पोचतं. तिथे दोन्हीचा चुरा करून पाण्यात सोडतात. पेट पाण्यापेक्षा जड म्हणून बुडतं, झाकणाचं पॉलिथिलीन किंवा पॉलीप्रॉपिलीन हलकं म्हणून तरंगतं, झाले वेगळे! घरी करून बघा, बाटलीचा एक तुकडा आणि झाकण बादलीत टाका, तुकडा वरच अडकला तर बोटाने एकदा पाण्याखाली ढकला, तळाला जातो की नाही बघा. मुलांना दाखवायला फार छान आहे हे. युरोपियन युनियनमध्ये तर जुलै २०२४ पासून झाकण बाटलीला जोडलेलंच असावं असा नियम आहे.

दाबताना बाजूने हलकी दाबा, हवा काढा आणि लगेच झाकण लावा, म्हणजे गाडीतून निव्वळ हवा वाहून नेली जात नाही. पण पायाखाली चिरडून चकती करू नका, सपाट वस्तू मशीन कागदाच्या बाजूला ढकलतं.

एक अपवाद. जर्मनी, नॉर्वेसारख्या देशात बाटलीवर डिपॉझिट असतं, रिकामी परत केली की पैसे मिळतात आणि म्हणूनच तिथे ९० टक्क्यांपेक्षा जास्त बाटल्या परत येतात. अशा ठिकाणी बाटली अजिबात दाबू नका आणि लेबलही काढू नका, मशीनला बारकोड वाचायचा असतो.

स्टेप ५ : बाटलीत दुसरं काही भरू नका

सिगारेटची थोटकं, पेट्रोल, कीटकनाशक, फरशी पुसायचं लिक्विड, काहीच नको. एक तर कोणीतरी पाणी समजून पितं, लहान मुलांच्या बाबतीत तर हे जिवावर बेततं. आणि अशी बाटली परत खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरण्याच्या लायकीची राहत नाही.

आणि विकत घेतानाच

पर्याय असेल तर रंगीत सोडून पारदर्शक बाटली घ्या. पारदर्शकचं काहीही होऊ शकतं, गडद रंगाचं पुन्हा फक्त गडदच. पेटचा शोध लागला १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये, तोही कापडाच्या धाग्यासाठी, पेटच्या बाटलीचं पेटंट आलं १९७३ मध्ये. आज गोळा झालेल्या बऱ्याच बाटल्या पुन्हा धाग्याकडेच जातात, पॉलिएस्टर कपडे होतात आणि ते कपडे पुढे फारसे कुठे रिसायकल होत नाहीत, तिथेच साखळी तुटते. बाटलीपासून बाटली झाली तर तेच प्लास्टिक पुन्हा फिरतं, पण त्यासाठी माल स्वच्छ लागतो, एवढा सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

उघड्यावर पडलेली बाटली उन्हाने ठिसूळ होते आणि तिचे बारीक बारीक तुकडे होत जातात, ती कुजत नाही. २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पेट खाणारा एक बॅक्टेरिया सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा लोकांना वाटलं प्रश्न सुटला, पण त्याला पातळ फिल्म संपवायलाच सुमारे सहा आठवडे लागले आणि बाटलीचं पेट तर त्याहून चिवट असतं. जाळायचा विचार तर मनातही आणू नका, विषारी धूर होतो.

आणि जिथे प्यायचं पाणी सुरक्षित आहे तिथे घरातून निघताना स्टीलची बाटली भरून घ्या, मग वरच्या पाचही स्टेप्स करायची गरजच पडत नाही.