‘वंडरवॉल म्युझिक’ आणि माझी ध्वनिमुद्रणाची वही

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले पहिल्या भेटीत बहुधा दोनच गोष्टी विचारतात: कोणते सॉफ्टवेअर शिकावे आणि कोणता माइक घ्यावा. माझे उत्तर गेली काही वर्षे बदललेले नाही. दोनशे पानी वही घ्या, एक अल्बम निवडा आणि तीन महिने त्याला सोडू नका. मी स्वतः ज्या अल्बमवर अशी वही भरली तो म्हणजे बीटल्स या ब्रिटिश बँडमधील जॉर्ज हॅरिसनचा ‘वंडरवॉल म्युझिक’. नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही बीटल्सच्याच ॲपल रेकॉर्ड्स या कंपनीची पहिली एलपी, म्हणजे मोठी तबकडी. जो मासो यांच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटासाठी केलेल्या या संगीतात सायकेडेलिक, म्हणजे गुंगवून टाकणारा स्वप्नवत रॉक आहे, सरोद आणि सनई आहे, जुन्या पद्धतीचा रॅगटाइम पियानो आहे, काउबॉयपटांची आठवण करून देणारा माउथ ऑर्गन आहे आणि उलट फिरवलेल्या टेपही आहेत. सुमारे पाऊण तासात एकोणीस तुकडे. सगळेच सारख्या तोलाचे नाहीत. काही तुकडे पडद्यावरचे दृश्य नसेल तर अगदी पोकळ वाटतात, हे आधीच सांगितलेले बरे.

तरीही हाच अल्बम निवडण्याचे कारण आपल्या मुंबईत आहे. त्याचा मोठा भाग जानेवारी १९६८ मध्ये फोर्ट भागातील एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. तेथे तेव्हा मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्रच घेणारे यंत्र होते, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे, म्हणजे आवाज दोन वेगळ्या पट्ट्यांवर घेणारे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. स्टुडिओत बाहेरचा आवाज पुरता अडत नव्हता. संध्याकाळी इमारतीतील कार्यालये सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे, आणि नीट ऐकल्यास काही तुकड्यांत टॅक्सी जाताना ऐकू येतात, असे हॅरिसनने पुढे सांगितले आहे. त्या टॅक्सी शोधण्यात मी हेडफोन लावून कित्येक रात्री घालवल्या. हा वेडेपणा होता, पण कान त्यानेच तयार झाले, कारण मुख्य वाद्याकडे दुर्लक्ष करून त्याच्या मागे काय चालले आहे ते ऐकण्याची सवय मला पहिल्यांदा तेव्हा लागली.

दोन ट्रॅकवर काम करणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला मुद्दाम समजावून द्यावे लागते. आज आपण प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतो आणि कोणाला पुढे आणायचे, कोणाला मागे ठेवायचे हे महिनाभरानेही ठरवू शकतो. दोन ट्रॅकवर मात्र वादक वाजवत असतानाच मिश्रण होऊन जाते. नंतर सनई कमी आणि सूरबहार जास्त करण्याची सोय उरत नाही. त्यामुळे कोणाला माइकपासून किती अंतरावर बसवायचे, यातच निम्मे काम होते. त्यातून या सत्रांतील वाद्ये एकमेकांच्या अगदी विरुद्ध स्वभावाची होती. शरदकुमार आणि हनुमान जाधव यांच्या सनया मोकळ्या अंगणात वाजवायच्या ताकदीच्या, शिवकुमार शर्मांच्या संतूरचा आघात तीक्ष्ण पण क्षणात विरणारा, सूरबहार, म्हणजे सतारीची थोरली बहीण, खर्जात रेंगाळणारी, तर विनायक व्होरांची तारशहनाई, हे गजाने वाजवायचे तारवाद्य, कर्ण्यातून येणाऱ्या आवाजामुळे माणसाच्या रडण्याजवळ जाणारी. ‘क्रायिंग’ या तुकड्यात तीच आहे, आणि तारवाद्याचा आवाज इतका नाकात कसा येतो, हे न कळल्यामुळे मी आठवडाभर तिला फुंकवाद्य समजत होतो.

वहीत मी प्रत्येक तुकड्याला दोन पाने दिली होती. डाव्या पानावर ऐकू येणारी वाद्ये आणि ती डावीकडे, उजवीकडे की मध्यावर आहेत याची नोंद. उजव्या पानावर प्रत्येक वाद्य केव्हा येते, केव्हा थांबते आणि ते खोलीत जवळ वाटते की दूर. पहिल्या वाचनात ही नोंद कारकुनी वाटेल. दहाव्या तुकड्यापर्यंत मात्र आपण ‘छान वाटते’ असे म्हणणे बंद करतो आणि ‘तबला उजवीकडे, कोरडा, माइक जवळ’ असे म्हणू लागतो. स्टुडिओतील ज्येष्ठ अभियंते साहाय्यकाकडून हीच भाषा अपेक्षित करतात. शक्य असल्यास एकदा संपूर्ण अल्बम मोनो करून ऐकावा, म्हणजे डाव्या-उजव्याच्या मोहाखाली दडलेले संतुलनाचे दोष उघडे पडतात.

आता माझ्या फजितीविषयी. साहाय्यक म्हणून दुसरेच वर्ष होते. एका छोट्या स्टुडिओत रॉक आणि सनई असे मिश्र गाणे करायचे होते. मी उत्साहाने आधी गिटार, बेस आणि ड्रम्स क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधील लयीच्या टिकटिकीवर घेऊन ठेवले आणि सनईवाल्या काकांना शेवटी बोलावले. त्यांची सनई काळी एक या पट्टीच्या किंचित खाली लागत होती, आमची गिटार मात्र ट्यूनरप्रमाणे काटेकोर होती. काकांनी पत्ती बदलून पाहिली, थोडे जुळले, पण वरच्या सप्तकात पुन्हा खटकू लागले. शेवटी ते शांतपणे म्हणाले, “बाळा, गिटारला खुंट्या आहेत, माझ्या सनईला नाहीत. आधी मला बोलवायचं होतंस.” त्या दिवसाचे सगळे काम वाया गेले आणि गिटार पुन्हा घ्यावी लागली. तेव्हापासून मी नवोदितांना सांगतो, की अनेक प्रकारांची वाद्ये एकत्र आणताना ज्याची पट्टी हलत नाही त्याला प्रथम बोलवावे, त्याचा षड्ज टेपवर घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे. क्लिकचेही तसेच आहे. विलंबित आलापाला क्लिक लावू नये. ताल सुरू झाल्यावर हवी तर लावावी.

प्रकारांचे मिश्रण कोठे खरे लागते आणि कोठे नुसते शेजारी ठेवलेले असते, हे ओळखण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एलपीच्या पहिल्या बाजूचा शेवटाकडचा भाग ऐकवतो. ‘स्कीइंग’ मध्ये ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची खरखरीत गिटार आहे आणि तिच्यामागे अखंड चालणारा षड्ज आहे. त्याला लागूनच ‘गत किरवाणी’ सुरू होते. हा सांधा प्रथम ऐकताना धक्का बसतो, पण वहीत स्वर लिहून पाहिल्यावर त्यामागचे शहाणपण दिसते. किरवाणीतील कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद म्हणजे पाश्चात्त्यांचे हार्मोनिक मायनर हे सप्तक. रॉकच्या कानाला हा राग परका वाटत नाही आणि आपल्या कानाला तर तो ओळखीचाच. मिश्रणासाठी राग निवडायचा असेल तर अशी दोन्हीकडे उघडणारी दारे शोधावीत. एखाद्या रागातील आंदोलित, म्हणजे झुलता गंधार कीबोर्डच्या पट्टीत कोंबण्याचा हट्ट धरला, तर राग मरतो आणि कीबोर्डही शोभत नाही.

लंडनमध्ये झालेल्या कामात आणखी एक धडा आहे. ‘लव्ह सीन’ मध्ये आशिष खाँ यांनी एका सरोदवर स्वतःचीच दुसरी सरोद चढवली आहे, म्हणजे एकट्याची जुगलबंदी. मुंबईतील दोन ट्रॅकवर सगळ्यांनी एकत्र बसून जे साधले आणि लंडनमध्ये थरावर थर चढवून जे साधले, ते एकाच अल्बममध्ये शेजारी शेजारी ऐकायला मिळते. पहिल्यात वादक एकमेकांचे ऐकतात, दुसऱ्यात वादकाला स्वतःच्याच आठवणीला उत्तर द्यावे लागते. दोन्ही पद्धती शिकाव्यात. मला व्यक्तिशः पहिली प्रिय आहे. ‘ड्रीम सीन’ मध्ये मात्र वादकापेक्षा टेपच वाद्य झाली आहे, आणि सायकेडेलिक म्हणजे केवळ इको वाढवणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी तो तुकडा आधी ऐकावा.

चित्रपटासाठी काम करू इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगेन, की हॅरिसनने साधे चावीचे स्टॉपवॉच घेऊन दृश्यांची लांबी मोजली, वहीत लिहिली आणि त्या मापाचे संगीत केले. आज सॉफ्टवेअर हे करून देते, पण दिग्दर्शकाशेजारी बसून सेकंद स्वतः मोजल्याखेरीज दृश्याचा श्वास कळत नाही. पैशांचीही नोंद करावी. हॅरिसनला ६०० पौंड मिळाले होते आणि खर्च १५,००० पौंडांपर्यंत गेला. वरचे पैसे त्याने स्वतः भरले. आपल्याला ती ऐपत नसते, म्हणून अंदाजपत्रकात ‘पुन्हा ध्वनिमुद्रण’ असा एक रकाना मी नेहमी ठेवतो.

शिक्षण कोठे घ्यावे, यावर मी फार बोलत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ध्वनी विभागात प्रवेश मिळाला तर उत्तमच; न मिळाल्यास एखाद्या स्टुडिओत केबल गुंडाळण्यापासून सुरुवात केली तरी चालते. पण केबल गुंडाळतानाही सत्राचा कागद आपल्याच हातात यावा, असा प्रयत्न करावा. या अल्बमच्या वेष्टनावर क्लॅप्टनचे आणि बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याचे नाव नव्हते, मात्र मुंबईच्या वादकांची नावे छापली होती. त्या यादीत केंकरे आणि नारिंग्रेकर ही आपल्याकडची आडनावे वाचून मला जो आनंद झाला, त्यामुळे मी एक नियम केला. सत्र संपल्यावर माइक काढण्याआधी मी प्रत्येक वादकापुढे कागद ठेवतो आणि त्याचे नाव त्याला स्वतःच्या हाताने लिहायला सांगतो. सनईवाल्या काकांनी त्या दिवशी कागदावर नावाखाली आपली पट्टीही लिहून ठेवली होती.