एम ३५ ट्रकचे ब्रेक : आधी शू, मग हवा

अमेरिकी लष्करी लिलावातून आलेला अडीच टनी एम ३५ ए २ ट्रक बहुधा वर्षानुवर्षे एका जागी उभा असतो, आणि तो घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी इंजिन सुरू करून पाहतो. हा क्रम मला मान्य नाही. त्याचे मल्टिफ्युएल, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारे इंजिन दणकट आहे, ते आठवडाभर थांबू शकते. ब्रेकची गोष्ट निराळी आहे. या गाडीच्या मूळ रचनेत हायड्रॉलिक ब्रेकचे सर्किट एकच असल्यामुळे कोणत्याही एका चाकाजवळचा रबरी होज फुटला, तरी पेडल थेट तळाला जाते आणि सहाही चाकांचे ब्रेक ड्रम एकदम निकामी होतात. त्यामुळे ब्रेक नीट होईपर्यंत गाडी स्वतःच्या बळावर एक फूटही हलवू नये.

ऑइल, फिल्टर, पट्टे आणि डिझेलच्या टाकीतील गाळ ही कामे एका दिवसात उरकतात. बॅटरीबाबत एवढेच सांगतो की, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून केलेल्या २४ व्होल्टच्या रचनेत रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून तार ओढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. त्यात एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात. त्यासाठी कन्व्हर्टरच बसवावा.

चाके काढण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, त्यामुळे पान्याला लांब पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावरील ‘एल’ हे अक्षर पाहून घ्यावे. दुसरे म्हणजे हँडब्रेकवर विसंबू नये. तो चाकांवर नव्हे, तर ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर चालतो, आणि मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे त्या एक्सलची पकड सुटते. जमिनीवरच्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय खाली शिरू नये.

या गाडीत ड्रम हबच्या आतल्या बाजूला असल्याने एक्सल शाफ्ट आणि बेअरिंगचे नट काढून हबसकट सगळा डोलारा बाहेर घ्यावा लागतो. ते एकट्याचे काम नाही. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण ब्रेक शूच्या, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या, जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती ओली करून पुसावी. सहाही व्हील सिलिंडर आणि सगळे रबरी होज बदलावेत. होज वरून चांगला दिसतो, पण आतून फुगून अरुंद झालेला असतो, आणि मग त्यातून दाब जातो पण परतत नाही.

ब्रेक ऑइल भरण्याआधी जुने कोणते आहे ते तपासणे आवश्यक आहे. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात आपल्या गाड्यांत सिलिकॉनचे, म्हणजे डॉट ५ ऑइल वापरायला घेतले. ते नवे असताना जांभळे असते, पण काळाने रंग उडतो, त्यामुळे रंगावर निष्कर्ष काढू नये. काचेच्या बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात थोडे जुने ऑइल टाकावे व हलवावे. ते पाण्यात विरघळले तर ग्लायकॉलचे, वेगळा थर धरून राहिले तर सिलिकॉनचे. दोन्ही एकत्र करू नयेत. बदलायचेच असेल तर सगळ्या नळ्या धुऊन घ्याव्यात. डॉट ५.१ हे नावाने जवळचे असले तरी ग्लायकॉलचेच आहे, आणि ही गफलत मी अनेकदा पाहिली आहे. सिलिकॉनची बाटली हलवू नये व धार बारीक ठेवावी, अन्यथा त्यात सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि तासन्‌तास निघत नाहीत.

आता ज्या टप्प्याने मला रडवले त्याकडे येतो. पहिल्या ट्रकचे सगळे सिलिंडर नवे बसवून मी ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायला घेतली, आणि दोन दिवस काढतच राहिलो. नळीतून एकही बुडबुडा येईना, तरी पेडल पहिल्या दाबाला अर्ध्याहून खाली जाई. मी आणखी ऑइल ओतले, मग पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरला दोष देऊन तो बदलला, आणि पेडल होते तिथेच राहिले. दोष हवेचा नव्हताच. शू ड्रमपासून इतके दूर होते की, त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच पेडलचा सगळा प्रवास संपत होता. या गाडीत शू आपोआप जुळत नाहीत, हे मला ठाऊक असूनही ते काम मी ‘शेवटी करू’ म्हणून मागे ठेवले होते.

म्हणून आधी शू जुळवावेत. चाक हाताने फिरवत ॲडजस्टर इतका वळवावा की शू ड्रमला घासून चाक जड व्हावे, मग घासण्याचा आवाज जेमतेम थांबेल इतकाच तो मागे घ्यावा. प्रत्येक शूला हे स्वतंत्रपणे करावे, आणि अस्तर नवे असेल तर खालच्या अँकर पिनही जुळवाव्यात. त्यानंतर पेडल काय सांगते ते नीट ऐकावे. दोन-तीनदा दाबल्यावर ते वर येऊन दगडासारखे लागत असेल तर शूचे अंतर जास्त आहे. वर येऊनही स्पंजासारखे दबत असेल तर हवा आहे. आणि घट्ट लागून पायाखाली हळूहळू उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील दाब सोडत आहे.

हवा काढताना इंजिन बंद ठेवून हवेच्या टाक्या रिकाम्या कराव्यात. प्रथम एअर पॅकवरील (हवेच्या दाबाने पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागावरील) हवा सोडण्याचे निपल, मग सर्वांत लांबचे मागचे चाक, आणि शेवटी ड्रायव्हरजवळचे, असा क्रम ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडरवर ‘पेडल पूर्ण दाब, धरून ठेव’ ही पद्धत मी वापरू देत नाही, कारण एरवी न वापरल्या गेलेल्या गंजक्या भागावरून सील घासत जाते आणि फाटते. त्याऐवजी १० ते १५ पीएसआय दाबाचा प्रेशर ब्लीडर, म्हणजे दाबाखाली ऑइल ढकलून हवा काढणारे साधन, लावावा.

पहिल्या फेरीनंतर, म्हणजे मोकळ्या मैदानात सावकाश चालवून आल्यावर, हाताची मागची बाजू प्रत्येक ड्रमजवळ न्यावी. एकच ड्रम तापला असेल तर त्याचा शू ओढतो आहे. थंड राहिलेला ड्रम ब्रेक धरतच नाही. चाकांचे नट त्याच वेळी पुन्हा तपासावेत, आणि मागच्या जोडचाकांत बाहेरचा नट सैल केल्याशिवाय आतला घट्ट होत नाही.