ग्रंथालयाची इमारत: आराखडा कपाटापासून सुरू करा

ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचं किंवा जुनीच्या नूतनीकरणाचं काम निघालं, की पहिल्या बैठका दर्शनी भागावरच खर्ची पडतात. काच किती लावायची, जिना कुठे घ्यायचा, पायऱ्या किती रुंद ठेवायच्या. पण वास्तुविशारदाने पेन्सिल हातात घेण्याआधी ग्रंथपालाने टेप हातात घ्यायला हवा. खांब कुठे येतील, स्लॅब किती जाड होईल, दिवे कोणत्या दिशेने लागतील, हे सगळं शेवटी कपाटांच्या मांडणीवरून ठरतं. ती आधी ठरली नाही तर तिला उरलेल्या जागेत कोंबावं लागतं.

मोजणीआधी निर्लेखन, म्हणजे नको असलेली पुस्तकं संग्रहातून काढून टाकणं, उरका. फाटलेली, कालबाह्य, अनावश्यक जादा प्रतींची पुस्तकं धरून मोजलंत, तर त्यांच्यासाठीही स्लॅब ओतावा लागेल. मग प्रत्येक विभागाच्या भरलेल्या फळ्यांची एकूण लांबी मीटरमध्ये घ्या. नुसत्या दाखल नोंदवहीतल्या आकड्यावर विसंबू नका, कारण कोशांची हजार पुस्तकं आणि बालविभागाची हजार पुस्तकं यांना लागणारी जागा अजिबात सारखी नसते. गेल्या पाच वर्षांत घेतलेली पुस्तकं वजा निर्लेखित पुस्तकं, हा वाढीचा वेग धरून पुढच्या वीस वर्षांचा हिशेब करा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच सूत्ररूपाने मांडलं होतं.

आता एक हिशेब करून पाहू. ९० सेंटीमीटरच्या गच्च भरलेल्या फळीवर साधारण जाडीची २७ ते ३० पुस्तकं मावतात. पण फळी गच्च भरायची नसते. पाव भाग मोकळा ठेवला नाही, तर मधे एक पुस्तक घालायला पुढच्या दहा कपाटांतली पुस्तकं सरकवावी लागतात. म्हणून फळीला २० पुस्तकं धरा. दोन्ही बाजूंनी सहा-सहा फळ्यांचा एक खण म्हणजे २४० पुस्तकं. ५०,००० पुस्तकांना २०९ खण लागतील. कपाटाची मधली रेषा ते पुढच्या कपाटाची मधली रेषा हे अंतर १.५ मीटर ठेवलं, तर एका खणाला वाटेसह १.३५ चौरस मीटर, म्हणजे एकूण सुमारे २८२ चौरस मीटर. आडव्या वाटा आणि खांब यांसाठी आणखी पाव भाग धरला की साडेतीनशे. वाचकाच्या प्रत्येक खुर्चीला टेबलाच्या हिश्शासह अडीच चौरस मीटर धरा. जिने, स्वच्छतागृहं, भिंती, डक्ट (नळ-तारांचे उभे मार्ग) आणि येण्याजाण्याचे मार्ग एकूण बांधकामाचा पाव ते एक तृतीयांश भाग खातात. हा भाग पहिल्याच कागदावर लिहा. तो विसरला, की पुढे कात्री वाचनकक्षाला लागते.

खांबांचं अंतर १.५ मीटरच्या पटीत हवं. ७ मीटर ठेवलं, तर चार ओळी बसून एक मीटर फुकट जातो, किंवा खांब नेमका वाटेच्या मधोमध उभा राहतो. ७.५ मीटरमध्ये पाच ओळी नीट बसतात. ९ मीटर तर १.५ आणि ०.९ (फळीची लांबी) या दोन्हींच्या पटीत येतं, म्हणून उद्या कपाटं काटकोनात फिरवली तरी जमतं. खांब कपाटाच्या ओळीतच लपवा आणि त्या जागचा खण गेला असं समजा. दोन कपाटांमधली वाट ९० सेंटीमीटरपेक्षा कमी नको. ओळीच्या टोकाला चाकांची खुर्ची वळवायला १.५ मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं. गर्दीच्या विभागांत मधल्या रेषांमधलं अंतर १.८ मीटरवर न्या.

वजन: इथे तडजोड नाही

पुस्तकं म्हणजे कागदाच्या विटाच. अमेरिकी बांधकाम मानकात कपाटांच्या दालनासाठी चौरस मीटरला ७.२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७३० किलो भार धरतात. वाचनकक्षासाठी २.९ आणि कार्यालयासाठी २.४ किलोन्यूटन. या तीन आकड्यांतच नूतनीकरणातला सगळ्यात मोठा धोका दिसतो: कार्यालयाची इमारत रंगरंगोटी करून ग्रंथालयाला दिली, तर तिचा स्लॅब गरजेच्या एक तृतीयांश भारासाठीच बांधलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब, बीम आणि पाया तपासून घेतल्याशिवाय एकही कपाट वर चढवू नका. रुळांवर सरकणारी दाट कपाटं घ्यायची असतील, तर भार आणखी खूप वाढतो. शिवाय स्लॅब थोडा जरी वाकला, तरी ती कपाटं आपोआप घरंगळू लागतात. ती तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवर ठेवणं उत्तम. नव्या इमारतीत शक्य असेल तिथे सगळ्याच मजल्यांना कपाटांचा भार धरा. आज जिथे खुर्च्या आहेत, तिथे दहा वर्षांनी कपाटं येऊ शकतात.

उजेड

दिव्यांच्या पट्ट्या वाटेला समांतर लावल्या, की पहिल्या दिवशी छान दिसतात. पुढे कपाटं हातभर सरकवली, की दिवा नेमका कपाटाच्या डोक्यावर येतो आणि वाट काळोखी होते. म्हणून पट्ट्या कपाटांना आडव्या लावा. मग मांडणी कशीही बदला. वाचनाच्या टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), तर पुस्तकांच्या पाठींवर २०० लक्स हवा. मोजताना लक्स मीटर पुस्तकाच्या पाठीसारखा उभा धरून सगळ्यात खालच्या फळीवर मोजा. तिथे उकिडवं बसलेल्या वाचकाची सावलीही पडते, आणि पाठीवरचा बोधांक (पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक) तिथेच वाचता येत नाही.

पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर कपाटं नकोत. तिरपं ऊन सर्वांत आधी लाल आणि जांभळ्या पाठींचा रंग उडवतं, मग कागद पिवळा पडून कडांना ठिसूळ होतो. खिडकीशी टेबलं द्या, काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा आणि कपाटांची अरुंद टोकं खिडकीकडे करा.

पाणी आणि ओल

स्वच्छतागृह, पाण्याची टाकी किंवा एसीची निचरा नळी कपाटांच्या वर कधीही नको. नळ एकावर एक येतील असा एकच उभा पट्टा सगळ्या मजल्यांवर राखून ठेवा. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून निदान १० सेंटीमीटर वर हवी, आणि बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका: मागे हवा खेळली नाही, की बुरशी आधी तिथेच धरते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. ती सतत ६५ च्या वर राहिली, की बुरशीला आमंत्रणच. तापमानापेक्षाही चढउतार वाईट, त्यामुळे रात्री एसी पूर्ण बंद करून वाचवलेली वीज पुस्तकांच्या बांधणीला महागात पडते.

आवाजासाठी एकच नियम पुरतो. दारापाशी देवघेव, वर्तमानपत्रं आणि बालविभाग, आणि आत जावं तसतसं शांत. मधे उघडा चौक ठेवून सगळे मजले एकमेकांना दाखवले, तर खालची कुजबूज वरच्या अभ्यासिकेत स्पष्ट ऐकू येते. चौक हवाच असेल, तर अभ्यासिकेला काचेची बंद भिंत द्या.

वाचकांचं प्रवेशद्वार एकच असावं आणि देवघेवीच्या काउंटरवरून ते थेट दिसावं. काउंटरचा एक भाग ७५ सेंटीमीटर उंचीचा ठेवा, म्हणजे चाकांच्या खुर्चीतल्या वाचकाला समोरासमोर बोलता येईल. बाहेरून पुस्तकं टाकायची पेटी भिंतीतून आत उघडत असेल, तर तिच्यामागे आगरोधक खोली करा, कारण पेटीत जळती वस्तू कोणीही टाकू शकतं. विजेचे सॉकेट भिंतीपुरते ठेवू नका. फरशीखालून ठराविक अंतरावर पाईप टाकून ठेवा.

पुस्तकं हलवायची घाई करू नका. ताजं काँक्रीट आणि गिलावा महिनोन्‌महिने पाणी सोडत राहतात. कपाटं लागल्यावर, दारं-खिडक्या रोजच्यासारख्या वापरात असताना, आर्द्रतामापक तीन-चार आठवडे सगळ्यात खालच्या फळीवर ठेवून रोजचा आकडा टिपा. तो ५५ च्या आसपास स्थिरावला, की पहिला ट्रक बोलवा.