मगरीच्या जीवाश्माचे कूळ कसे ठरवावे

मगरवर्गातील एखाद्या प्राण्याची कवटी समोर आली की नजर आधी मुस्कटाच्या लांबीरुंदीवर जाते आणि वर्गीकरणातील पुष्कळशा चुका तिथेच होतात. लांब, निमुळता जबडा मासे पकडण्यास सोयीचा असल्यामुळे तो ट्रायासिक काळातील (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे) मगरीसारखे दिसणारे फायटोसॉर, त्यानंतरच्या ज्युरासिक काळातील समुद्रांतले मगरसदृश टेलिओसॉर आणि आजचा घडियाल यांच्यात स्वतंत्रपणे विकसित झाला. म्हणून मुस्कटाचा आकार सुरुवातीला विचारातच घेऊ नये.

प्रथम नाकपुड्या शोधाव्यात. लांब मुस्कट असूनही त्या टोकाशी नसतील आणि डोळ्यांच्या खोबणींजवळ असतील, तर तो फायटोसॉर समजावा. तेलंगणातील मालेरी परिसरात सापडलेला पॅरासुकस हिस्लोपी हे याचे उत्तम भारतीय उदाहरण होय. नागपुरात राहून मध्य भारतातील जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप यांचे नाव या प्रजातीला दिलेले आहे. फायटोसॉर घडियालासारखे दिसत असले, तरी ते त्याचे पूर्वज नव्हेत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या अखेरीस, त्यांचा वंश संपला.

यानंतर कवटी उलटी करून टाळू पाहावी, आणि इथे घाई करू नये, कारण मगरींच्या उत्क्रांतीचा सर्वांत बोलका पुरावा याच भागात असतो. नाकातून आलेली हवा ज्या छिद्रातून घशाकडे उतरते, ते अंतर्नासिकाछिद्र आजच्या सर्व मगरींमध्ये टाळूच्या अगदी मागच्या टोकाला, पूर्णपणे टेरिगॉइड (टाळूच्या मागच्या भागातील) हाडांच्या वेढ्यात असते. त्यामुळे तोंडात पाणी शिरले तरी घशाची झडप मिटून प्राणी श्वास घेऊ शकतो. हेच छिद्र पुढे, तालव्य (टेरिगॉइडच्या पुढची टाळूची हाडे) आणि टेरिगॉइड हाडांच्या मध्ये उघडत असेल, तर तो जुन्या टप्प्यातील मगरसदृश प्राणी असण्याची शक्यता मोठी असते. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी १८७५ मध्ये याच छिद्राच्या आणि मणक्यांच्या आधारे पॅरासुकिया, मेसोसुकिया आणि युसुकिया अशी विभागणी केली. त्यांतील युसुकिया हा आजच्या सर्व मगरींचा समावेश असलेला गट आजही मान्य आहे. मेसोसुकिया मात्र एकाच पूर्वजाचा संपूर्ण वंश नसून उत्क्रांतीची एक पायरी ठरल्यामुळे, ते नाव नोंदीत कुळाचे नाव म्हणून लिहू नये.

मणके उपलब्ध असतील तर तेही तपासावेत. युसुकियन मणका पुढून खोलगट आणि मागून गोलाकार असतो, तर जुन्या गटांत दोन्ही टोके बहुधा खोलगट किंवा सपाट असतात. हे बदल टप्प्याटप्प्याने घडले असल्याने टाळू आणि मणका यांचा निष्कर्ष एकत्रच काढावा.

प्राणी युसुकियन ठरला की मग दात पाहावेत. खालच्या जबड्यातील चौथा दात तोंड मिटल्यावर वरच्या जबड्याच्या खाचेत बसून बाहेरून दिसत असेल तर तो बहुधा क्रोकोडाइल, आणि वरच्या जबड्यातील खळग्यात जाऊन दडत असेल तर बहुधा अॅलिगेटर किंवा त्याचा नातलग केमन होय. महाराष्ट्रातील नद्यांत आढळणाऱ्या आपल्या मगरीचे मुस्कट अॅलिगेटरइतके रुंद दिसते, पण हा दात पाहिला की शंका राहत नाही.

घडियालाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. हाडांवर आधारलेल्या पूर्वीच्या वंशवृक्षांनी त्याला इतर सर्व जिवंत मगरींपासून फार आधी वेगळे झालेले मानले. डीएनएचा अभ्यास मात्र त्याला आग्नेय आशियातील टोमिस्टोमा या लांब मुस्कटाच्या मगरीचा सख्खा नातलग ठरवतो. तेव्हा लांब मुस्कटाच्या जीवाश्माची नोंद करताना कोणता वंशवृक्ष मानला, हे स्पष्ट लिहावे.

सुटा शंकूच्या आकाराचा दात सापडला असेल तर कुळापर्यंत जाण्याचा मोह आवरावा, कारण तसे दात अनेक गटांत असतात. 'मगरसदृश, कूळ अनिश्चित' एवढेच लिहून खडकाचा थर, ठिकाण आणि दाताची मोजमापे मात्र न चुकता नोंदवावीत.