डच खेड्यात घर घेताना या चुका टाळा

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन आणि फेल्डहोव्हनच्या कंपन्यांमध्ये नोकरीला आलेली मराठी कुटुंबं तीन-चार वर्षांत भाड्याच्या फ्लॅटला कंटाळतात. मूल शाळेच्या वयाचं होतं, घरभाडं दर वर्षी वाढतं, आणि एखाद्या शनिवारी उन्हात सायकल काढून न्यूनन, हेझे किंवा वालरेला फेरफटका होतो. लिंडनची झाडं, विटांची घरं, मागे स्ट्राब्रेख्तचं माळरान. घरी परतेपर्यंत नवरा-बायको दोघांच्याही फोनवर ‘फुंदा’ हे घरांच्या जाहिरातींचं संकेतस्थळ उघडलेलं असतं.

खेडं निवडण्यात काही चुकत नाही. गडबड होते ती कामांच्या क्रमात. लोक आधी घर बघतात, मग बोली लावतात, मग पैशांचा हिशेब करतात आणि गावाची चौकशी राहायला गेल्यावर. बघायला गेल्यापासून बोलीची मुदत संपेपर्यंत कित्येकदा आठवडाही मिळत नाही, त्यामुळे हा क्रम उलटा करावाच लागतो.

बँकेने सांगितलेला आकडा म्हणजे बजेट समजणं

२०१८ पासून इथे घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त १०० टक्के कर्ज मिळतं. किंमत म्हणजे तुम्ही मोजलेली रक्कम नव्हे, तर मूल्यांकन करणाऱ्याने अहवालात लिहिलेली. समजा, मागितलेली किंमत ४ लाख ७५ हजार युरो आहे आणि तुम्ही ५ लाखांची बोली लावून घर मिळवलं. मूल्यांकन ४ लाख ८५ हजारांचं आलं. वरचे १५ हजार खिशातून. त्यावर घर नावावर होताना लागणारा हस्तांतरण कर, स्वतः राहणाऱ्यांसाठी २ टक्के, म्हणजे १० हजार. शिवाय नोटरी, कर्ज सल्लागार, मूल्यांकन आणि घराची तांत्रिक तपासणी. जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हस्तांतरण कर आणि हस्तांतरणाचा नोटरी-खर्च खरेदीदाराचा; बाकीचे खर्चही तुमचेच. घर सापडल्यावर ही रोख रक्कम कुठून आणायची याचा विचार सुरू करणारी मंडळी दर वर्षी भेटतात. भारतातून पैसे आणायचे असतील तर बँक त्यांचा उगम विचारते, नोटरीही विचारतो, आणि कागद जमवायला वेळ जातो. तेव्हा ते काम सगळ्यात आधी.

करमाफीचा एक नियम नीट समजून घ्या. नोटरीकडे सही करण्याच्या दिवशी तुम्ही ३५ पेक्षा लहान असाल, याआधी ही सवलत वापरली नसेल आणि घर ठरावीक मर्यादेत बसत असेल, तर हस्तांतरण कर लागत नाही. मर्यादा २०२५ मध्ये ५ लाख २५ हजार होती, २०२६ साठी ती ५ लाख ५५ हजार झाली. माफी माणशी मोजली जाते. बायको ३३ ची आणि नवरा ३६ चा असेल तर बायकोच्या हिश्श्यावर शून्य, नवऱ्याच्या हिश्श्यावर २ टक्के. मर्यादा मात्र पूर्ण घराच्या किमतीला लागते, आणि ती हजार युरोंनी जरी ओलांडली तरी माफी पूर्ण जाते. बोलीच्या भरात ‘अजून पाच हजार वाढवू’ म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा, कारण त्या पाच हजारांपायी दहा-अकरा हजारांचा कर मागे लागू शकतो.

इथे राहण्याचा परवाना तात्पुरता असला तरी कर्ज मिळतं, पण प्रत्येक बँकेचे नियम वेगळे. नोकरीचा करार कायमचा नसेल तर कंपनीकडून पुढे कायम करण्याचा इरादा असल्याचं पत्र लागतं. ३० टक्के रूलिंगमुळे, म्हणजे परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणाऱ्या सवलतीमुळे, हातात येणारा जादा पगार सगळ्याच बँका सारख्या धरत नाहीत. हे प्रश्न बोलीआधी सल्लागाराला विचारून घ्यावेत.

विकणाऱ्याच्या माकेलारला (घरांच्या एजंटला) आपला समजणं

घर दाखवायला आलेला माकेलार हसतमुख असतो, कॉफी विचारतो, शाळेची माहिती देतो. पैसे त्याला विकणाऱ्याकडून मिळतात. ‘आमचं बजेट सव्वापाचपर्यंत आहे’ हे त्याच्यासमोर मराठीत कुजबुजलं तर चालेल, इंग्रजीत नको. पहिलंच घर असेल आणि डच येत नसेल, तर आपल्या बाजूने काम करणारा माकेलार घ्या. दोन-चार हजार युरो जातात, पण गावातली याआधीची घरं खरोखर कितीला गेली हे त्याला ठाऊक असतं. तो खर्च मला तरी वाया वाटत नाही.

अटी सोडून बोली लावणं

स्पर्धा वाढली की कानावर येतं, ‘अटीशिवाय बोली लावा, घर तुमचं.’ अटी मुख्यतः दोन. ठरावीक तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर करार रद्द करता येतो. आणि तपासणीत दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त निघाला तरी रद्द करता येतो. या दोन्ही सोडल्या आणि कर्ज फसलं, तर करारानुसार सहसा किमतीच्या १० टक्के दंड. ५ लाखांच्या घराला ५० हजार युरो. मधला रस्ता आहे: तपासणी बोलीआधीच करून घ्या आणि ती अट सोडा. चारेकशे-पाचशे युरो घर न मिळता गेले तरी सोसतील. कर्जाची अट मात्र हातात सगळे पैसे नसताना सोडू नये, कोणी काहीही म्हणो.

सही केल्यावर कायद्याने तीन दिवस मिळतात, कारण न देता माघार घेण्यासाठी. दोन्ही बाजूंनी सही केलेली प्रत हातात आली की दुसऱ्या दिवसापासून मोजायचे, आणि त्यात किमान दोन दिवस कामाचे असावे लागतात. तोंडी होकाराने व्यवहार पक्का होत नाही, लेखी करार लागतो. पण हे दोन्ही बाजूंना लागू आहे, हे विसरून शेजाऱ्यांना पेढे वाटू नका.

माती न बघता भिंती बघणं

आइंडहोव्हनच्या आसपासची जमीन वाळूची, तिथे पायाची चिंता सहसा कमी. तेच घर खाउडा शहराजवळच्या ‘हिरवं हृदय’ नावाच्या भागात, पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीवर असेल तर सगळा हिशेब बदलतो. तिथली जमीन हळूहळू खचते, आणि जुन्या घरांच्या पायाखालचे लाकडी खांब भूजलाची पातळी उतरली की हवेच्या संपर्कात येऊन कुजतात. १९७० पूर्वीच्या घरांबाबत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाया दुरुस्त करायचा तर मोठी रक्कम लागते, आणि रांगेतल्या घरात शेजाऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय काम नीट होत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा, आपोआप उघडणारं दार, शेजारच्या घराशी जुळत नसलेली विटांची ओळ, हे पाहून तपासणी करणाऱ्याला पायाबद्दल वेगळं विचारा, कारण साधी तपासणी जमिनीखाली जात नाही.

छपराबद्दल एकच: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं गेलं, त्यामुळे बागेतली शेड, गॅरेज आणि जुन्या चिमणीचे पाइप बघा. करारात ‘घर जुनं आहे, खरेदीदाराला हे माहीत आहे’ असं कलम असेल तर नंतर तक्रार करणं अवघड जातं. ऊर्जा लेबल एफ किंवा जी, म्हणजे सगळ्यात खालचं, असेल तर गॅसचं बिल आणि दुहेरी काच, छत, हीट पंप यांचा खर्च धरून बोली लावा. चांगल्या लेबलला कर्ज जास्त मिळतं, आणि ऊर्जा वाचवणाऱ्या कामांसाठी किमतीच्या १०६ टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येतं. छतावर सौर पॅनेल आहेत म्हणून जास्त पैसे मोजत असाल, तर ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याची सध्याची सोय १ जानेवारी २०२७ ला बंद होते, हे लक्षात ठेवा.

समोरचं शेत कायम हिरवंच राहील असं धरणं

माझ्या मते खेड्यात घर घेणाऱ्यांची सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फोटोत दिसणारं हिरवं कुरण तुमच्या मालकीचं नसतं, आणि त्याचं पुढे काय होणार ते नगरपालिकेच्या कागदात लिहिलेलं असतं. १ जानेवारी २०२४ पासून नवा पर्यावरण कायदा लागू आहे, आणि कुठल्या जमिनीवर काय चालतं हे सरकारच्या ‘ओम्खेव्हिंग्सलोकेट’ या संकेतस्थळावर नकाशात पत्ता टाकून बघता येतं. शेजारचं शेत घरबांधणीसाठी राखलेलं आहे का, वाऱ्याच्या चक्क्या येणार आहेत का, मोठा गोठा वाढवायला परवानगी मागितली आहे का, हे बोलीआधी एका संध्याकाळचं काम आहे. डच नीट येत नसेल तर ब्राउझरच्या भाषांतराने भागतं. पालिकेच्या नियोजन विभागाला फोन केला तर इंग्रजीतही उत्तर मिळतं.

शेत शेतच राहिलं, तरी तिथे शेती होणार. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेतकरी पातळ खत टाकायला लागतात, आणि आइंडहोव्हनच्या ब्राबांट प्रांतात डुकरांचे गोठे भरपूर. वास बघायचा तर बंद गाडीतून नको, पायी फिरा, आणि वारा शेताकडून येत असताना फिरा. ड्रेन्थ प्रांतात लिलीच्या शेतांवरच्या फवारणीवरून रहिवासी कोर्टातही गेले आहेत. आइंडहोव्हन विमानतळ लष्करी तळही आहे. विमानांचे मार्ग नकाशात बघितले नाहीत, तर बागेत बसून गप्पा मारताना मधेच थांबायची सवय लागेल.

घराबाबतही कागद काय म्हणतात ते बघावं लागतं. जंगलाच्या कडेचं लाकडी घर गावातल्या घरापेक्षा खूप स्वस्त दिसलं, तर ते बहुधा सुट्टीचं घर असतं आणि तिथे कायम राहायला बंदी असते. जुन्या शेतकऱ्याचं सुंदर घर कागदोपत्री शेती व्यवसायाशी बांधलेलं निघू शकतं. स्मारक असलेलं किंवा संरक्षित गावठाणातलं घर, उदाहरणार्थ ब्रुक इन वाटरलँडमधलं, दिसायला मोहक, पण खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागू शकते.

बागेची दिशा हा आणखी एक मुद्दा. आपल्याकडे दार पूर्वेला हवं असतं, इथे लोक दक्षिणेकडची बाग शोधतात. बागेच्या कडेला ओढा असेल तर तो साफ ठेवण्याची जबाबदारी अनेकदा शेजारच्या जमीनमालकावर, म्हणजे तुमच्यावर येते. पाणी मंडळाची माणसं शरद ऋतूत येऊन तो तपासतात. नुसती शोभा म्हणून पाहू नका.

शनिवारी जाऊन गाव बघणं

गाव एकदा मंगळवारी संध्याकाळी बघा आणि एकदा रविवारी सकाळी. न्यूननला रेल्वे स्टेशन नाही, हेझेला आहे. दोन गावं अंतराने जवळ असली तरी आयुष्य वेगळं होतं. लहान गावांतून स्वयंसेवक चालवतात ती ‘बुर्टबस’ धावते, संध्याकाळी आणि रविवारी बहुतेक नसते. ‘९२९२’ या बस-ट्रेनच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपमध्ये रविवारचा वेळ टाकून बघा. आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले की त्यांचं काय, याचा विचार करा. सायकल न चालवणाऱ्या माणसाला इथे दिवसभर खिडकीत बसावं लागतं.

लायसन्सचं विसरू नका. इथे राहायला आल्यावर सहा महिन्यांनी भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही. ३० टक्के रूलिंग असेल तर ते डच लायसन्समध्ये बदलून मिळतं, रूलिंग नसेल तर इथे नव्याने परीक्षा द्यावी लागते. खेड्यात दोघांनाही गाडी चालवता येणं लागतं, म्हणून रूलिंग चालू असतानाच ते काम उरका.

गावातल्या डॉक्टरकडे नवे रुग्ण घेतात का, शाळेच्या पहिल्या वर्गात जागा आहे का, शाळेनंतरच्या पाळणाघराची रांग किती, हे तीन फोन बोलीआधी करा. मूल डच बोलत नसेल तर नवागतांचा वर्ग बहुधा शेजारच्या शहरात असतो. सगळीकडे पाणी असल्यामुळे मुलांना पोहण्याचं ‘ए’ प्रमाणपत्र लागतं आणि त्याचीही रांग असते.

अडकलात, तर काय कराल

कर्जाची तारीख जवळ आली आणि बँकेचं उत्तर नाही: तारीख उलटण्याआधी लेखी मुदतवाढ मागा. नकार आलाच तर करारात जितकी नकारपत्रं लिहिली आहेत तितकी जोडून, मुदतीच्या आत माकेलारला पाठवा. एका दिवसाचा उशीरही महाग पडतो.

मूल्यांकन कमी आलं: दुसऱ्या बँकेची वाट धरण्याआधी अहवालात तुलनेला कोणती घरं घेतली आहेत ते बघा. गावातली नुकती विकलेली घरं सुटली असतील तर मूल्यांकन करणाऱ्याकडे लेखी विचारणा करता येते.

तपासणीत मोठा खर्च निघाला: रद्द करण्याच्या रकमेच्या आत असला तरी विकणाऱ्याशी बोला. किंमत कमी होत नसेल तर कधीकधी तो दुरुस्ती करून द्यायला तयार होतो, पण मग कोण, केव्हा आणि कशी करणार हे करारात लिहून घ्या.

नोटरीकडे भाषा समजत नसेल: दुभाषा लागतो, त्यामुळे तारीख ठरवतानाच कळवा. दोन आठवडे आधी मसुदा मागून तो वाचा. शेजाऱ्याला तुमच्या बागेतून जायचा हक्क दिलेला असेल तर तो तिथेच सापडतो.

सहीच्या आधीची शेवटची पाहणी दिवसा ठेवा, करारातल्या वस्तूंची यादी हातात घ्या आणि मीटरचे आकडे फोनमध्ये टिपा. इथे लोक जाताना जमिनीवरचं लाकूडसुद्धा उचलून नेतात, त्यामुळे ते यादीत आहे की नाही ते आधीच बघा. राहायला गेल्यावर लपलेला दोष सापडला तर काही दिवस बघू असं न करता, फोटो आणि तारखेसह विकणाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने लगेच कळवा, आणि दुरुस्ती करून टाकण्याआधी त्याला बघायची संधी द्या.